फणसांबा आणि परत न आलेले

"आणि जे बरे झाले नाहीत, ते तुला कुठे भेटले?" बुवांनी विचारलं.

निशिकांत आजगावकरला प्रश्न नीट कळला नाही. त्याने मांडीवरची फाइल पुन्हा उघडली.

"मला बासष्ट जण भेटले," तो म्हणाला. "दोन वर्षं या पट्ट्यातली गावं फिरलो. बासष्टच्या बासष्ट बरे झाले. प्रत्येकाने तुमचं नाव घेतलं."

"घेतील. ते इथेही येतात. नारळ ठेवून जातात."

"मग?"

"मी दुसऱ्यांबद्दल विचारलं."

घाट जिथे कोकणात उतरतो, तिथे रस्त्यापासून दीडशे पायऱ्यांवर बुवांचा, मोतीगीर गोसाव्यांचा, मठ आहे. मठ म्हणजे चिऱ्याची एक खोली, पुढे पडवी आणि पडवीपुढे सारवलेलं मोठं अंगण. अंगणाच्या कडेला फणसाचं झाड. झाड जुनं आहे, अर्धं पोकळ झालेलं. त्याच्या खोडावर लाकडासारखी कठीण, तपकिरी अळंबी धरते, खुरासारखी. तिला तिकडे फणसांबा म्हणतात.

कावीळ झालेली माणसं, पोटात पाणी झालेली माणसं बुवांकडे येत. बुवा सहाणेवर फणसांबा उगाळून देत. चाळीस वर्षं हे चाललं होतं.

निशिकांत पुण्याच्या एका प्रयोगशाळेत औषधी अळंब्यांवर काम करत होता. पंधरा वर्षं. त्या विषयात आपल्याएवढं कुणी वाचलेलं नाही, असं त्याला वाटे, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पुढच्या महिन्यात एका मोठ्या परिषदेत तो या बासष्ट माणसांबद्दल बोलणार होता. त्याला बुवांची संमती हवी होती, आणि खोडावरचा एक तुकडा.

दुपारचे तीन वाजले होते. धुकं अंगणाच्या कडेपर्यंत आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. बुवा उगाळत होते. दगडावर लाकूड फिरल्याचा आवाज तेवढा येत होता.

"तुझ्या प्रयोगशाळेत काय करता?" त्यांनी विचारलं.

"उंदरांवर करतो. आधी यकृत बिघडवणारं द्रव्य देतो. मग काहींना अळंबीचा अर्क देतो, काहींना नुसतं पाणी. अर्क घेतलेल्यांचं यकृत कमी बिघडतं. रक्तातले आकडे उतरतात. सूज कमी दिसते."

"कशी दिसते?"

"कापून बघावं लागतं."

"म्हणजे मारता."

"हो."

"सगळ्यांना? जे तरतरीत असतात त्यांनाही?"

"सगळ्यांना. नाहीतर तुलना होत नाही."

बुवांनी सहाणेवर दोन थेंब पाणी टाकलं.

"आणि माणसांवर?"

"माणसांवर काम थोडं झालंय. लहान लहान गट. कुठे फरक दिसतो, कुठे दिसत नाही. बाहेरच्या देशांत ज्या अळंब्यांचं एवढं नाव आहे, त्यांचंही असंच आहे. म्हणून तर तुमची माणसं महत्त्वाची."

"उंदीर तू सगळे मोजतोस," बुवा म्हणाले. "माणसं मात्र चालत आलेली तेवढीच."

निशिकांत हसला. समोरचा हसला नाही, तेव्हा त्याचंही हसू मावळलं.

"एक सांगू?" बुवा म्हणाले. "अठरा वर्षांपूर्वी वादळात या फणसाची मोठी फांदी गेली. फणसांबा तिच्यावरच होता. पुढची तीन वर्षं खोडावर काही धरलं नाही. माणसं तर येतच होती. मग मी फणसाचं साधं लाकूड उगाळून दिलं. रंग तसाच येतो."

"आणि?"

"तेवढीच बरी झाली."

"तेवढीच म्हणजे?"

"आधी जेवढी होत होती तेवढीच. नारळही तेवढेच आले."

निशिकांतने फाइल मिटली. कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते, हे त्याला ठाऊक होतं. कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. बासष्टांपैकी किती जणांची तशी होती, ते त्याने विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं, याचा विचार त्याने आत्ता पहिल्यांदा केला, आणि तो विचार त्याला आवडला नाही.

"मग अजून का उगाळता?" त्याचा आवाज थोडा चढला होता.

"ते येतात म्हणून."

"ही फसवणूक नाही?"

"पहिली दहा वर्षं होती. मी उगाळून द्यायचो आणि घरी पाठवायचो. मला वाटायचं, देतो तेवढं पुरे." बुवांचा हात थांबला होता. "मग लस टोचायला एक नर्सबाई आली. तिने एका माणसाला इथेच, या पडवीत, हात पुढे धरायला लावले. माझ्याकडे बघून म्हणाली, बुवा, याला आत्ता खाली इस्पितळात न्या. मी म्हटलं, औषध दिलंय. ती म्हणाली, द्या, पण खाली न्या."

"गेला?"

"नेला. जगला. तिने मला ते हात धरायचं शिकवलं. तेव्हापासून आलेल्या प्रत्येकाचे हात बघतो. डोळे बघतो. वास घेतो. वाकडं दिसलं की रस्त्यावर उतरून गाडी थांबवतो. उगाळलेलं पाणी आहे म्हणून माणूस इथवर चढतो. नुसतं इस्पितळात जा म्हटलं तर उठत नाही."

"आणि त्या पहिल्या दहा वर्षांत..."

"मी त्यांच्या घरी गेलो. जे परत आले नव्हते त्यांच्या. एकेका घरी. तेरा जण." बुवा पुन्हा उगाळू लागले. "तुझ्या फाइलीत ते नाहीत. चालत येणार कसे?"

धुकं अंगणात आलं. फणसाचं खोड दिसेनासं झालं.

आपण निघावं असं निशिकांतला वाटलं. पण बुवा त्याच्याकडे बघत होते, आणि ते बघणं रुग्णाकडे बघावं तसं होतं.

"तू घाईत आहेस," बुवा म्हणाले. "पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला एवढी घाई नसते. घरात कुणाला देतोयस?"

निशिकांतने पायऱ्यांकडे पाहिलं.

"कुणाला?"

"धाकट्या भावाला," निशिकांत म्हणाला. "रत्नाकर. वेंगुर्ल्याच्या बाजूला शाळेत मास्तर आहे. भूगोल शिकवतो. यकृत आक्रसलंय. विषाणूमुळे."

"डॉक्टरांनी काय दिलंय?"

"गोळ्या होत्या. रोजच्या. आणि एक पातळ औषध."

"होत्या?"

"चार महिन्यांपूर्वी मी बंद करायला सांगितल्या." तो फाइलीच्या दोरीशी खेळत होता. "दोन्ही सुरू ठेवलं असतं तर गुण कशाचा ते कळलं नसतं. मी अर्क देत होतो, बुवा. शुद्ध अर्क. मोजून. पहिला महिना त्याला बरं वाटलं. तो स्वतः म्हणाला, दादा, बरं वाटतंय."

"कुठे आहे तो?"

"खाली. गाडीत झोपलाय. आताशा दिवसा झोपतो आणि रात्री जागा असतो."

बुवा उठले. त्यांनी सहाण बाजूला सरकवली. ते पायऱ्यांकडे निघाले, आणि दोन पावलांवर थांबले.

रत्नाकर वर आला होता.

तो शेवटच्या पायरीवर उभा होता. निळा शर्ट, पोट पुढे आलेलं, पाय काड्यांसारखे. चपला हातात धरलेल्या. धुक्यातही त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा दिसत होता. तो निशिकांतकडे बघत नव्हता. बुवांकडेही नाही. तो रिकाम्या अंगणाकडे बघत होता.

त्याने चपला खाली ठेवल्या आणि अंगणाला वाकून नमस्कार केला.

"रत्नू," निशिकांत म्हणाला, "एकटा कशाला चढलास?"

"तास सुरू झालाय ना, दादा." रत्नाकरचा आवाज जड होता, शब्द एकमेकांना चिकटत होते. "सगळे येऊन बसलेत. आणि तुम्ही दोघं बोलत बसलात."

"कोण बसलेत?"

रत्नाकर अंगणाच्या मधून चालत गेला. सरळ नाही. कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून माणूस चालतो, तसा. एका जागी त्याने धोतर सावरावं तशी पँट उचलली आणि काहीतरी ओलांडलं.

"हजेरी घ्यायला हवी," तो म्हणाला.

तो बोटाने मोजू लागला. एक. दोन. मध्येच थांबून तो खाली वाकला, कान दिला, मान हलवली.

"या बाई शेवंता धुरी म्हणतात. पुढे बसलं तर चालेल का विचारतायत. ऐकू कमी येतं."

निशिकांतने बुवांकडे पाहिलं. बुवांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हे नाव तुम्ही त्याला..."

"मी त्याला आत्ता पाहतोय," बुवा हळूच म्हणाले. "शेवंता धुरीला जाऊन पस्तीस वर्षं झाली. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं तिला."

रत्नाकर मोजत होता. त्याला कसली घाई नव्हती. फणसाजवळ पोचल्यावर तो थांबला.

"चौदा," तो म्हणाला.

"तेरा," बुवा म्हणाले.

"चौदा आहेत, बुवा. हा मागे बसलाय. पाठ करून. नाव सांगत नाही."

फणसाच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं, तेही थांबल्यासारखं वाटलं.

"दिसतो कसा?" बुवांनी विचारलं.

रत्नाकरने मान वाकडी करून पाहिलं.

"निळा शर्ट आहे," तो म्हणाला.

निशिकांतची नजर भावाच्या शर्टावर गेली.

बुवा अंगणात उतरले. आले ते सरळ रत्नाकरसमोर उभे राहिले, आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन त्यांनी श्वास घेतला. तो वास नंतर निशिकांतलाही आला. गोडसर, कुजल्यासारखा, पावसाळ्यात जंगलात पडलेल्या ओंडक्याला येतो तसा. महिनाभर रत्नाकर त्याच्याकडे राहत होता, आणि घरात तो वास येत होता. अर्काचा असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

"मास्तर," बुवा म्हणाले, "हात पुढे धर बघू. असे. कुणाला थांबवायचं असल्यासारखे. बोटं पसर."

रत्नाकरने दोन्ही हात पुढे धरले.

क्षणभर ते स्थिर राहिले. मग मनगटातून खाली पडले, आणि वर आले. पुन्हा पडले, पुन्हा वर आले. एखादा पक्षी उडायचा प्रयत्न करत असावा, तसे ते हात फडफडत होते. रत्नाकर त्यांच्याकडे कौतुकाने बघत होता. ते आपले आहेत हे त्याला माहीत नसावं.

निशिकांतने हे पुस्तकात पाच-पन्नास वेळा वाचलं होतं. यकृत थकलं की विष रक्तात राहतं, रक्तातून डोक्यात चढतं. हात असे पडतात. दिवस आणि रात्र उलटते. नसलेली माणसं दिसतात. त्याने स्वतः त्यावर एक प्रकरण लिहिलं होतं. भावाला मात्र हात पुढे धर असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

"गाडी काढ," बुवा म्हणाले.

"बुवा, तुम्ही आत्ता जे उगाळलंत ते..."

"गाडी काढ."

दोघांनी मिळून रत्नाकरला पायऱ्या उतरवल्या. तो विरोध करत नव्हता, फक्त सारखा मागे वळून पाहत होता.

"वर्ग तसाच सोडून जातोय," तो म्हणत होता.

घाटाखालच्या शहरातलं इस्पितळ पन्नास मिनिटांवर होतं. निशिकांत गाडी चालवत होता. बुवा मागे रत्नाकरला धरून बसले होते. ते त्याला झोपू देत नव्हते. नद्यांची नावं विचारत होते. रत्नाकर सांगत होता, आधी क्रमाने, मग एकीत दुसरी मिसळून, मग नुसतेच आवाज. एका वळणावर तो अगदी स्पष्ट बोलला.

"बुवा, तुमच्या पलीकडे जो बसलाय, त्याला थोडं सरकायला सांगा. गार लागतोय."

निशिकांतने आरशात पाहिलं. बुवांच्या पलीकडे रिकामी जागा होती. बुवा तिकडे वळले होते.

"तू उतर," ते त्या रिकाम्या जागेला म्हणाले. आवाज शांत होता, पण त्यात विनंती होती. "याच्या जागी मी येतो म्हणणार नाही, खोटं होईल ते. पण आज तू उतर."

पुढे रत्नाकर काही बोलला नाही. इस्पितळाच्या दारात त्याला उचलून न्यावं लागलं.

अकरा दिवस तो अतिदक्षता विभागात होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निशिकांतला एकच प्रश्न विचारला, गोळ्या कधी बंद केल्या, आणि का. त्याने खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी तारीख लिहून घेतली. त्या न बोलण्याचं ओझं निशिकांतला पुढे कित्येक दिवस उतरवता आलं नाही.

बाराव्या दिवशी रत्नाकरने भावाला ओळखलं. अंगणातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. शेवंता धुरी हे नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"दादा, तू का रडतोयस?" त्याने विचारलं.

निशिकांतने त्यालाही खरं सांगितलं. रत्नाकरने खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "मी तुला नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही." त्यापुढे दोन महिने तो भावाशी जेवढ्यास तेवढं बोलला.

परिषदेला निशिकांत गेला नाही.

तो पुन्हा त्या पट्ट्यातली गावं फिरला. या वेळी प्रश्न वेगळा होता. तुमच्या घरातून मठात कोण गेलं होतं, आणि मग काय झालं. लोक आधी बोलत नसत. बुवांबद्दल वाईट बोलायचं कुणाला नव्हतं. चहा येई, पोफळीच्या बागेची चौकशी होई. मग एखादी म्हातारी आतून फोटो आणून दाखवी.

माघात तो मठावर आला. हवा कोरडी होती, ऊन स्वच्छ होतं. अंगण नव्याने सारवलेलं होतं. पडवीत बुवा उगाळत बसले होते.

"मास्तर कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"गोळ्या सुरू आहेत. यकृत बदलण्याच्या यादीत नाव लागलंय. बरा नाही म्हणता येणार. पण आहे. आठवड्यातून तीन दिवस शाळेत जातो."

"बोलतो तुझ्याशी?"

"आता बोलतो."

बुवांनी मान हलवली.

"लोकांना तो सांगत सुटलाय," निशिकांत म्हणाला. "मठात पाय ठेवला म्हणून वाचलो. बुवांच्या फणसांब्याने वाचलो. त्या दिवशी त्याने एक थेंबही घेतला नव्हता, हे मी सांगतो. ऐकत नाही."

"वाचलेला माणूस ऐकत नाही."

निशिकांतने पिशवीतून एक कागद काढला.

"तेरा नाहीत, बुवा," तो म्हणाला. "एकोणीस आहेत. सहा घरं तुम्हाला माहीत नव्हती. दूरची होती. घाटावरची."

सहाणेवरचा आवाज थांबला.

नव्वदीकडे झुकलेला तो माणूस निशिकांतला पहिल्यांदाच म्हातारा दिसला.

"नावं सांग," बुवा म्हणाले.

निशिकांतने सहा नावं वाचली. प्रत्येक नावानंतर बुवांनी ते नाव स्वतः उच्चारलं, आणि अंगणाकडे पाहून किंचित मान झुकवली. सहाव्या नावानंतर त्यांनी उगाळलेलं पाणी फणसाच्या मुळाशी ओतलं. तो काळसर ओघळ मातीत जिरेपर्यंत ते बघत उभे राहिले. मग येऊन बसले.

"आता मी विचारतो," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली तुला. उंदीर झाले, बासष्ट झाले, एकोणीस झाले, मी साधं लाकूड दिलं ती तीन वर्षं झाली. फणसांबा यकृतावर चालतो की नाही?"

निशिकांतला पुष्कळ उत्तरं येत होती. उंदरांतलं उत्तर होतं. छोट्या गटांतलं होतं. पुढे काय करायला हवं त्याचं होतं, आणि ते खरंच करायला हवं होतं. यांतलं प्रत्येक उत्तर खरं होतं, आणि प्रत्येकामागे तो पूर्वी लपून बसला होता.

"मला माहीत नाही," तो शेवटी म्हणाला.

बुवांनी त्याच्या खांद्यावरून अंगणात पाहिलं.

"मोठ्याने म्हण," ते म्हणाले. "मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नाही."